पाचव्या पानावरची हूल : प्रस्तावना

तासगावच्या माणसाने पुस्तक लिहिले आहे असे कळले म्हणजे ऐकणाऱ्याची पहिली समजूत ते द्राक्षांवर असावे अशी होते, दुसरी बेदाण्यावर, आणि ऐकणारा जरा जुन्या वळणाचा असला तर तिसरी, परशुरामभाऊ पटवर्धनांनी कर्नाटकाच्या स्वाऱ्यांत दक्षिणी देवळे पाहून आपल्या गावी उभारलेल्या सात मजली गोपुराच्या गणपतिमंदिरावर. प्रस्तुत पुस्तक या तिन्हींपैकी कशावरही नाही. ते पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळातील एकाच क्षणावर आहे : शेवटचे पान उघडले आहे, हातात काहीही जमलेले नाही, आणि तरीही खेळाडू मध्ये साचलेल्या रकमेच्या दुप्पट रक्कम शांतपणे पुढे सरकवतो, तो क्षण. एवढ्याशा क्षणावर कोणी अख्खे पुस्तक लिहावे आणि तेही मराठीत, हे मला प्रथम विक्षिप्तपणाचे वाटले. हस्तलिखित माझ्याकडे ठेवून घेतले ते लेखक एके काळचे माझे विद्यार्थी म्हणून, आणि वाचून काढले ते त्यातली आकडेमोड तपासावी म्हणून. तीस वर्षे अंकगणित शिकवलेल्या माणसाची ही खोड आहे. गोष्टीतसुद्धा तो आधी बेरजा पाहतो. बेरजा बरोबर निघाल्या, आणि त्या बरोबर निघत असताना त्यांच्या पोटातून असे काही बाहेर आले की ज्याचा संबंध पत्त्यांपेक्षा विश्वास या वस्तूशी अधिक आहे. त्यासाठीच ही प्रस्तावना लिहिण्याचे मी मान्य केले.

रमी, मेंढीकोट आणि झब्बू यांवर वाढलेल्या वाचकासाठी खेळ थोडक्यात सांगणे अवश्य आहे. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात, ती ज्याची त्यानेच पाहावयाची. मग मध्यभागी सर्वांसाठी मिळून पाच पाने उघडी मांडली जातात, प्रथम एकदम तीन, नंतर एक, नंतर आणखी एक. आणि आपली दोन व मधली पाच अशा सातांतून ज्याचा पाच पानांचा हात सर्वांत सरस जमेल, त्याची मधली रास. या राशीला खेळणारे पॉट म्हणतात. मधली पाने उघडण्यापूर्वी एकदा आणि त्यानंतर प्रत्येक टप्प्याला एकदा, अशा पैज लावण्याच्या चार फेऱ्या होतात; समोरच्याने लावलेली रक्कम भरून टिकावे, वाढवावी, किंवा पाने टाकून मोकळे व्हावे, एवढेच पर्याय. ‘नो-लिमिट’ या प्रकारात रकमेला वरची मर्यादा नाही : पुढ्यात असेल तेवढे सगळे कोणत्याही फेरीला लावता येते. शेवटच्या, पाचव्या पानाला रिव्हर म्हणजे नदी हे नाव आहे. ते कसे पडले याच्या मिसिसिपीवरील जुगारी बोटींच्या आख्यायिका पुष्कळ सांगतात. त्यांत तथ्य किती, या वादात पडण्याचे मला कारण नाही. आपल्याकडच्या खेळाडूला मात्र हे नाव अगदी जवळचे वाटावे, कारण १९९६ च्या दुरुस्तीने गोव्याच्या कायद्यात जहाजांवरील जुगाराला वाट मिळाल्यापासून पणजीला मांडवीच्या पात्रात जी जहाजे नांगरून उभी राहिली, त्यांवर हा खेळ मांडला जातो, आणि कोल्हापूर-सांगलीकडची हौशी मंडळी घाट उतरून तेथे जात असतात. नदीवर बसून नदीची वाट पाहणे, असा तो प्रकार.

नदीपलीकडे गाव नाही, ही या पानाची खरी विशेषता. आधीच्या फेऱ्यांत रिकाम्या हाताने जी रक्कम लावली जाते तिला अजून आशा असते. पुढचे पान येईल आणि आजचे खोटे उद्या खरे होईल. उधारीवर माल उचलणाऱ्या दुकानदाराचे खोटेपण असेच असते, हंगाम साधला तर तो प्रामाणिकच ठरतो. पाचवे पान उघडल्यावर हंगाम संपला. आता ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे आणि ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे नाही; समोरच्याने पाने टाकली तरच रिकाम्या हाताला रास मिळावयाची, एरवी नाही. म्हणून या फेरीची हूल ही निर्भेळ हूल होय.

हूल हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, आणि लेखकांनीही तो सर्वत्र वापरावा असा आग्रह धरला तो मीच. हस्तलिखितात प्रथम थाप हा शब्द होता. थाप तोंडाने मारली जाते, आणि ऐकणाऱ्याला ती गिळावी लागते. हूल अंगाने दिली जाते, आणि ती पुरी करण्याचे काम समोरचा स्वतः करतो. खो-खोत पळणारा गडी खांबाकडे अंग झुकवतो, पाठलाग करणारा त्या दिशेने झेपावतो, आणि पळणारा दुसऱ्या बाजूने निसटतो. त्याने शब्दही उच्चारलेला नसतो. कबड्डीतील चढाई करणाऱ्याचा पाय एकीकडे जातो आणि हात दुसरीकडे. गावात हूल उठते तेव्हाही कोणी एक जण खोटे बोललेला असतोच असे नाही. धूळ दिसते, कोणी धावताना दिसतो, आणि बाकीचे लोकांचे लोकच रचतात. पोकरमध्ये पैज लावणारा ‘माझ्याकडे अमुक आहे’ असे कधीच म्हणत नाही. तो रक्कम पुढे करतो. अर्थ समोरचा लावतो. या खेळाच्या नीतीविषयी ज्यांना आक्षेप असतील, त्यांनी निदान हा भेद ध्यानात घ्यावा.

आता प्रश्न असा की आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तीन पत्ती खेळली जात असता, दिवाळीच्या रात्री बऱ्या बऱ्या घरांतूनही ती मांडली जात असता, हा विषय मराठी माणसाला नवा का वाटावा? याचे उत्तर मला लेखकांच्या दुसऱ्या प्रकरणात सापडले आणि ते मोठे मार्मिक आहे. तीन पत्तीत हूल अहोरात्र चालते, पण चालीला माप आहे. रूढ नियमाप्रमाणे न पाहता खेळणाऱ्याने चालू चालीइतकी किंवा फार तर तिच्या दुप्पट रक्कम टाकावयाची, पाहून खेळणाऱ्याने त्याच्या प्रमाणात दुपटीपासून चौपटीपर्यंत. मध्ये कितीही मोठी रास साचली असली तरी एका चालीत तिच्याहून मोठी रक्कम फेकण्याची सोय नाही. तेथे हूल थेंबे थेंबे चालवावी लागते, आणि जिंकतो तो बहुधा अधिक वेळ टिकणारा, म्हणजेच अधिक पैसेवाला किंवा अधिक बेफिकीर. रास हजाराची आणि पैज दोन हजारांची, हे दृश्य तीन पत्तीवर वाढलेल्या डोळ्याला व्याकरणाची चूक वाटते. ‘हजारासाठी दोन हजार कोण घालवील? ज्या अर्थी घालतो आहे त्या अर्थी त्याच्याकडे असणारच,’ असे एक मन म्हणते. ‘असते तर गिऱ्हाईक पळेल अशी किंमत त्याने सांगितली असती का?’ असे दुसरे. या दोन मनांच्या मधोमध हे पुस्तक उभे आहे.

आणि येथेच द्यूताचे नाव निघते, म्हणून एवढे नमूद करतो की धर्मराजाच्या डावाशी या क्षणाचे साम्य वरवरचे आहे. राज्य, भाऊ आणि पत्नी पणाला लावणे ही अतिरिक्त पैज खरी, पण पडलेला फासा सर्वांना सारखाच दिसतो; जेथे काही झाकलेले नाही तेथे हुलीला जागा नाही, तेथे असते ते कपट किंवा दैव. जॉन फॉन नॉयमन या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाने १९२८ साली खेळांच्या गणितावर जो निबंध लिहिला, आणि पुढे १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाच्या जोडीने जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पोकरला स्वतंत्र स्थान आहे ते याचसाठी. बुद्धिबळात दोघांनाही सगळे दिसते. व्यापार, युद्ध आणि वाटाघाटी यांत दिसत नाही, आणि पोकर या दुसऱ्या वर्गात पडते. फॉन नॉयमनने मांडलेल्या सोप्या नमुन्यात निष्कर्ष असा निघाला की पैज लावावी ती अत्युत्तम हातांवर आणि अगदी निकृष्ट हातांवर. मधल्या हातांनी गप्प राहावे. मला हे वाचून प्रथम हसू आले. मधल्या माणसाने गप्प राहावे, हे आपल्या समाजाने गणिताशिवायच ठरवून टाकलेले आहे. पण कारण सरळ आहे : मधल्या हातावर मोठी पैज लावली तर त्याहून वाईट हात पळून जातात, आणि भरायला येतात ते त्याहून चांगले, नफा एका बाजूने आटतो आणि तोटा दुसऱ्या बाजूने पाझरतो. निकृष्ट हाताला गप्प राहून काहीच मिळणार नसते, म्हणून त्याला बोलण्याने काही गमवावे लागले तरी चालते.

लेखकांनी तिसऱ्या प्रकरणात घेतलेले उदाहरण मी येथे सविस्तर देतो, कारण सबंध पुस्तक त्यावर तोललेले आहे आणि तपासताना मला सर्वांत अधिक आनंद त्यानेच दिला. मधली पाच पाने अशी : इस्पिकचा राजा, इस्पिक नव्वी, चौकट चव्वी, किलवर दुर्री आणि नदीवर इस्पिक सत्ती. समोरच्याकडे बदामचा राजा आणि बदाम दश्शी. म्हणजे राजांची जोडी, हात बरा, पण अजिंक्य नव्हे. आपण पहिल्यापासून पैज लावत आलो आहोत आणि तो भरत आला आहे. रास एक हजाराची आहे, दोघांच्याही पुढ्यात दोन हजार उरले आहेत, आणि आपण ते सगळे लावतो. हे आपण खऱ्या अर्थाने कोणत्या हातांवर लावू? इस्पिकचा एक्का व त्याबरोबर आणखी एक इस्पिक असेल तर. कारण मध्ये तीन इस्पिके पडली असल्याने असा हात एकाच रंगाची पाच पाने पुरी करतो, आणि या पटावर त्याच्याहून मोठा हात होऊच शकत नाही. इस्पिकची एकूण तेरा पाने, तीन मध्ये गेली, एक एक्का, उरली नऊ. म्हणजे असे खरे हात नऊ प्रकारचे. आता हूल कोणत्या हातांवर द्यावी? लेखक म्हणतात, ज्यांत इस्पिकचा एक्का आहे पण जोडीला राणी किंवा गुलाम दुसऱ्या रंगाचा आहे, अशा हातांवर. राणी तीन रंगांतली, गुलाम तीन रंगांतले : असे हात सहा. यांची किंमत शून्य आहे, पण एक मोठी गोष्ट त्यांच्यापाशी आहे : इस्पिकचा एक्का आपल्या हातात असल्यामुळे तो समोरच्याच्या हातात असणे शक्य नाही. आपल्याकडे काही नाही हे आपल्याला माहीत आहे. त्याच्याकडे सर्वश्रेष्ठ हात नाही, हेही आपल्यालाच माहीत आहे.

आता राजांची जोडी घेऊन बसलेल्या माणसाने काय करावे? पंधरा वेळा हा प्रसंग आला असे धरू : नऊ वेळा आपण खरे, सहा वेळा हूल. त्याने प्रत्येक वेळी दोन हजार भरले तर सहा वेळा त्याला रास आणि आपले दोन हजार मिळून तीन हजार मिळतात, एकूण अठरा हजार. नऊ वेळा त्याचे दोन हजार जातात, तेही अठरा हजार. जमा-खर्च अगदी बरोबर. भरले काय, टाकले काय, त्याला दोन्ही सारखेच. म्हणजे आपण त्याचा निर्णयच निरर्थक करून टाकला. उलट बाजूने पाहा : आपल्या हुलीला हजार मिळवण्यासाठी दोन हजारांची जोखीम आहे, म्हणून तिने निदान तीनांपैकी दोनदा साधले पाहिजे, एरवी ती तोट्यात. समोरचा याहून अधिक वेळा टाकू लागला तर हूल फायद्याची, याहून अधिक वेळा भरू लागला तर खऱ्या हातांची चंगळ.

येथे जो सिद्धान्त हाती लागतो तो व्यवहारी मनाला उलटा वाटेल. हजाराच्या राशीवर पाचशेच लावले असते, तर समोरच्याला पाचशेत दीड हजार मिळण्याची आशा दिसते, म्हणून तीन खऱ्या हातांमागे एकच हूल खपते. दोन हजार लावले तर तीन खऱ्यांमागे दोन खपतात. रक्कम जसजशी वाढवावी तसतशी खोट्याची पेलणारी मात्रा वाढत जाते. मात्र कितीही मोठी रक्कम लावली तरी ती एकास एक या मर्यादेला जाऊन भिडत नाही, खऱ्यापेक्षा खोटे कधीच अधिक होऊ शकत नाही. मी हे वाक्य वहीत वेगळे लिहून ठेवले. मोठी हूल मोठ्या छातीच्या माणसाचे काम, असा जो सार्वत्रिक समज आहे त्याला येथे जागाच उरत नाही. हूल किती मोठी देता येईल हे ठरते आपल्यापाशी खरे किती आहे यावरून. नऊ अजिंक्य हात ज्याच्या खात्यावर जमा असण्याचा संभव नाही, त्याला सहा हुलींचे कर्ज कोणीही देणार नाही.

कर्ज हाच शब्द योग्य आहे, आणि तासगावच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. बेदाण्याच्या सौद्यात उभा राहून पाहा. शेतकऱ्याने सबंध वर्ष छाटण्या, औषधे, शेडवरची सुकवणी यांत घातलेले असते. थॉम्पसन सीडलेसमधून निवडून काढलेले तास-ए-गणेश हे वाण तर याच तालुक्याच्या मातीतले. पण त्या घटकेला भाव ठरतो तो बोली करणाऱ्याच्या तोंडच्या आकड्याला पाठीमागे किती पत आहे त्यावर. ज्या व्यापाऱ्याने आजवर बोललेला प्रत्येक आकडा चुकता केला, त्याच्या तोंडून अवाच्या सवा आकडा आला तर बाकीचे गप्प होतात. काल आलेल्याच्या तोंडून तोच आकडा आला तर लोक त्याच्या पायांतल्या चपलांकडे पाहतात. खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचे सौदे रुमालाखाली बोटे दाबून होत, त्याची गंमत मला येथे आठवते. हेडी आणि गिऱ्हाईक यांचे हात रुमालाखाली, चेहरे उघडे. आकडा झाकलेला आणि माणूस उघडा. पोकरमध्ये याच्या बरोबर उलट आहे, आकडा उघडा आणि माणूस झाकलेला. पण दोन्हीकडे शेवटच्या बोटाला किंमत येते ती आधीच्या बोटांमुळे.

म्हणूनच लेखकांचा सर्वांत मोलाचा उपदेश हा की नदीवरची हूल नदीवर सुरू होत नाही. पहिल्या फेरीपासून आपण जे जे केले ते एक्का-इस्पिकवाल्या खऱ्या खेळाडूने जसेच्या तसे केले असते की नाही, एवढेच पाहावे. मधे एखाद्या फेरीला आपण मुकाट बसलो असू, आणि खरा हात असलेला माणूस तेथे मुकाट बसला नसता, तर शेवटी ओतलेले दोन हजार म्हणजे तारखा न जुळणारा दस्तऐवज. शिक्का कितीही मोठा असला तरी कचेरीत तो रुजू होणार नाही. नवशिके येथेच बुडतात. हरत आलो आहोत, वेळ शेवटची आहे, आता काहीतरी मोठे केले पाहिजे, या घायकुतीने ते रक्कम फेकतात, आणि समोरच्याला त्यात फक्त घायकूत दिसते.

मी वर कचेरी म्हटले, आणि तासगावच्या संदर्भात तो शब्द आला की एका प्रसंगाची आठवण टाळता येत नाही. खेळाच्या चर्चेत तो ओढणे काहींना प्रशस्त वाटणार नाही. लिहिताना मीही दोनदा थांबलो. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तालुक्यातील लोक मामलेदार कचेरीवर चालून आले. बंदुका सरकारपाशी होत्या आणि लोकांपाशी संख्येवाचून काही नव्हते. तरी गोळी झाडली गेली नाही, कचेरीवर तिरंगा चढला आणि खुद्द मामलेदारांना गांधी टोपी घालावी लागली. मामलेदारांपुढे त्या दिवशी जो प्रश्न होता तो हिशेबाच्या भाषेत सांगायचा तर असा : एका इमारतीवरच्या झेंड्यासाठी शेकडो माणसांच्या रक्ताची किंमत भरावी काय? त्यांनी पाने टाकली. लोकांची ती हूल असावी असे ज्यांना वाटले असेल त्यांना सहा दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या तशाच मोर्च्याने उत्तर दिले. तेथे सरकारने गोळी चालवली आणि नऊ जण कचेरीच्या वाटेवर पडले. तासगावला जे पुढे केले गेले ते खरेच होते. पण खरे होते म्हणूनच ते मानले गेले, आणि बंदूक न चालता निकाल लागला, हे माझ्या मते या पुस्तकाच्या विषयाचे दुसरे अंग आहे : प्रचंड पैजेचा सर्वांत मोठा विजय तो, ज्यात पाने उघडण्याची पाळीच येत नाही.

परदेशातील दोन दाखले लेखकांनी दिले आहेत, त्यांपैकी एक जगप्रसिद्ध आहे. २००३ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत ८३९ खेळाडू उतरले होते. शेवटी दोघे उरले, सॅम फारहा हा मुरलेला व्यावसायिक, आणि क्रिस मनीमेकर हा संगणकावरच्या स्पर्धेतून प्रवेश मिळवून आलेला टेनेसीचा हिशेबनीस. (आडनाव खरे आहे, लेखकांनी रचलेले नाही.) एका डावात मनीमेकरची पाने जमता जमता राहिली, नदीवर बदाम तिर्री आली आणि हात रिकामा तो रिकामाच. त्याने सर्वस्व लावले, आणि फारहाच्या पुढ्यात उरलेली रक्कम मधल्या राशीहून मोठी असल्याने प्रश्न त्याच्या अस्तित्वाचाच झाला. फारहापाशी नव्व्यांची जोडी होती, म्हणजे तो पुढे होता. पुष्कळ वेळ विचार करून त्याने पाने टाकली. पुढे मनीमेकर पंचवीस लाख डॉलरचे पहिले बक्षीस घेऊन गेला, आणि त्याच्या पाठोपाठ जगभरचे हौशी लोक या खेळात उतरले. लेखकांनी या डावात एक बारीक गोष्ट दाखवली आहे : मधे तीन इस्पिके होती, आणि मनीमेकरच्या हातात इस्पिकचा राजा होता. ते नव्या काळचे शास्त्र तेव्हा त्याला ठाऊक असो वा नसो, पाने मात्र त्याच्या बाजूने साक्ष देत होती.

दुसरा दाखला यंत्राचा आहे. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठातील ट्युओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी बनवलेला लिब्रेटस नावाचा संगणकी खेळाडू चार व्यावसायिकांशी वीस दिवस, एक लाख वीस हजार डाव खेळला आणि त्याने चौघांनाही हरवले. त्याला कोणी हूल शिकवली नव्हती; स्वतःशीच अगणित डाव खेळून त्याने आपली रीत बसवली, आणि त्या रीतीतली जी गोष्ट माणसांना सर्वांत अधिक झोंबली ती राशीहून कितीतरी मोठ्या पैजा. माणसे राशीच्या अर्ध्यावर किंवा पाऊणावर लावण्याच्या सवयीची. यंत्राला सवय नाही, लाज नाही, आणि भीती तर नाहीच. छातीचा संबंध नाही असे मी वर म्हटले त्याला याहून मोठी साक्ष कोणती हवी? ज्याला छातीच नाही त्याने ही गोष्ट सर्वांत चांगली केली.

एक सावधगिरीची सूचना लेखकांनी दिली आहे, ती मी अधिक ठासून देतो. हुलीला प्रेक्षक लागतो, आणि तोही विचार करणारा. आमच्या भागात एक जात अशी आहे की जिला समोरच्याच्या गोष्टीशी कर्तव्यच नसते; ‘बघू तरी काय हाय त्ये’ एवढ्यासाठी ती दोन हजार भरते आणि उघडलेली पाने पाहून समाधानाने मान हलवते. अशा माणसापुढे इस्पिकच्या एक्क्याचे सूक्ष्म गणित मांडणे म्हणजे बैलापुढे पंचांग वाचणे. त्याच्याशी खऱ्या हातानेच खेळावे आणि भरपूर मागावे.

कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य समजतो. पैसे लावून पत्ते खेळणाऱ्यांवर आपल्याकडे १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली छापे पडतात आणि मुद्देमाल जप्त होतो. केवळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे, आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याच्या बाजूला बसवताना तीन पानांच्या खेळाला निव्वळ दैवाच्या बाजूला बसवले. पोकर कोणत्या बाजूला, याविषयी निरनिराळ्या उच्च न्यायालयांचे मत एक नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संगणक व दूरध्वनीवर पैसे लावून खेळावयाचे सर्वच खेळ, कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंद करणारा कायदा केला. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंना परवानगी देणारा एक कायदा केला होता. तो सत्तेचाळीस वर्षे दप्तरात पडून राहिला, एक दिवसही अमलात आला नाही, आणि २०२३ साली रद्द झाला. सरकारनेही पाने कधी उघडलीच नाहीत, असे म्हणावयाचे. तात्पर्य, वाचकाने हे पुस्तक बुद्धिबळाच्या पुस्तकासारखे वाचावे. ज्याला पैसे लावण्यावाचून त्यातली गोडी कळत नाही, त्याच्यासाठी ते लिहिलेले नाही. कर्ज काढून खेळणारी आणि द्राक्षबागेचा पैसा रात्रीत उडवणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या कोणाला गणित येत नव्हते असेही नाही.

आता एक कबुली. हस्तलिखित परत न्यायला लेखक आले तेव्हा ऋषिपंचमी होती. गणपतीचा रथ दोरखंडांनी ओढून होऊन गेला होता, रस्त्यावर गुलालाचा आणि खोबऱ्याचा सडा होता, आणि घरी पोरासोरांची गर्दी होती. मी म्हटले, नुसते वाचून काय कळणार, एक डाव मांडू. पैशांच्या ऐवजी आम्ही बेदाणे घेतले, दोघांनी मोजून दोनदोनशे. तासभर खेळून मी बराच पुढे आलो होतो. मग एक डाव असा पडला की मध्ये साठ बेदाणे, मजकडे राण्यांची जोडी, आणि नदीवर तिसरे किलवर. लेखकांनी आपल्यापुढचे सगळे, एकशे वीस, तळहाताने सरकवून मध्ये आणले. मी चष्मा पुसला. त्यांनी पहिल्या फेरीला काय केले, दुसऱ्या फेरीला काय केले, सगळे आठवून पाहिले. तारखा जुळत होत्या. तिसरे प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे उभे होते, नऊ आणि सहा, अठरा आणि अठरा, आणि ते मला काहीच सांगत नव्हते. नातू बाजूला उभा राहून म्हणत होता, ‘आजोबा, भरा की.’

मी राण्या टाकल्या.

‘सर, बरोबर केलंत,’ असे म्हणून लेखकांनी रास पुढे ओढली.

‘अरे, पण होते काय तुझ्याकडे?’

त्यांनी आपली दोन पाने न उलटता गड्डीत मिसळून टाकली, मूठभर बेदाणे नातवाच्या ओंजळीत घातले, मूठभर स्वतःच्या तोंडात टाकले, आणि पुस्तकाला प्रस्तावना कधी मिळेल म्हणून विचारले.

तासगाव